सर्व्हरचं सीमोल्लंघन

ओखल्यातल्या आमच्या ऑफिसच्या तळघरात, जिन्याखाली, लक्ष्मी-गणेशाच्या फोटोखाली एक काळी पेटी होती. रोज सकाळी चौकीदार फोटोला अगरबत्ती ओवाळायचा आणि हात खाली येता येता एक फेरा पेटीलाही मिळायचा. त्या फेऱ्यामुळेच पेटी चालते, असं अर्ध्या ऑफिसचं मत होतं. उरलेल्यांना मत नव्हतं, कारण पेटी काय करते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. तिला सर्व्हर म्हणतात आणि कंपनीचा सगळा जीव तिच्यात आहे, हे जाणणारे आम्ही तिघं: मी, मुनीमजी आणि पेटी.

13 जुलै 2023 ला यमुना 208.66 मीटरवर गेली. त्याआधीचा विक्रम 1978 सालचा, 207.49 चा. पाणी रिंग रोडवर आलं, राजघाटात शिरलं, लाल किल्ल्याच्या भिंतीला टेकलं. आमचं तळघर कोरडं होतं, पण आमच्या मालकांनी, लालाजींनी, टीव्हीवर लाल किल्ल्याशेजारी होडी पाहिली आणि मला फोन केला.

"भाऊजी, अपना सर्वर नीचे है ना?"

इथे एक खुलासा. मी मूळचा सांगलीचा. 1998 साली दिल्लीत आलो तेव्हा लालाजींनी कुठेतरी ऐकलं होतं की मराठी माणसाला भाऊ म्हणतात. दिल्लीत नुसतं भाऊ म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून त्यांनी आदरानं जी लावला. गेली पंचवीस वर्षं पॅकिंग मशीनचे सुटे भाग करणारा एक सत्तरीचा गृहस्थ मला भाऊजी म्हणतोय, आणि माझी बायको हे ऐकायला मुद्दाम ऑफिसात येते.

नोएडाच्या सेक्टर 63 मध्ये कंपनीनं एक मजला घेतला होता. सर्व्हर तिकडे न्यायचा, जुना काढून नवा बसवायचा आणि याची योजना मी आखायची असं ठरलं. मीच का? मी हिशेब बघतो, हिशेब कॉम्प्युटरवर असतो, म्हणून कॉम्प्युटर माझा. या न्यायानं वॉटर कूलरही माझाच आहे.

योजनेची पहिली पायरी म्हणजे काय काय हलवायचं याची यादी. मला वाटलं, एका दुपारचं काम. पुढचे तीन आठवडे मी आमच्याच घरात चोरासारखा फिरत होतो. सर्व्हरवर 'न्यू फोल्डर' या नावाचे एकेचाळीस फोल्डर निघाले. 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल असली' आणि 'फायनल लालाजी वाला' अशा चार किंमतयाद्या निघाल्या. गिऱ्हाइकाला जात होती ती पाचवी, आणि ती डिस्पॅचच्या पोराच्या पेन ड्राइव्हवर होती. सगळ्यात जास्त जागा ना हिशेबानं अडवली होती ना ड्रॉइंगांनी. ती लालाजींच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओनं अडवली होती. मुलीला आता दोन मुलं आहेत. व्हिडिओ कुणी उघडलेला नव्हता, पण काढायचा म्हटल्यावर घरून फोन आला.

कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर होता. त्यावर चिकटपट्टीनं कागद लावलेला: 'इसे बंद मत करना'. अक्षर कुणाचं, कुणालाच ओळखता येईना. तो काय करतो हे शोधायला मी दोन दिवस घालवले, त्यावर कुणाची काय माहिती येते-जाते ते तपासलं. काहीच येत-जात नव्हतं. शेवटी धीर करून बंद केला. अर्ध्या तासानं वरच्या मजल्यावरून ओरड आली की नळाला पाणी नाही. कधीतरी इलेक्ट्रिशियननं पाण्याच्या मोटरची वायर त्याच बोर्डात खुपसली होती. कागद कॉम्प्युटरसाठी नव्हताच, बटणासाठी होता. योजनेत मी त्याची नोंद 'अत्यावश्यक सेवा' अशी केली.

यादीपर्यंत लालाजी शांत होते. मग नेहरू प्लेसचा व्हेंडर आला, आणि त्यानं लायसन्स हा शब्द उच्चारला.

लालाजींच्या केबिनमध्ये एक भिंत लायसन्सांची आहे. कारखान्याचं, प्रदूषण समितीचं, वजनमापाचं, आगीचं, जीएसटीचं. प्रत्येक काचेच्या फ्रेममध्ये. 1991 च्या आधी उद्योग भवनाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस तो. पण त्या प्रत्येक कागदामागे एक साहेब होता, त्याचा चहा होता, त्याच्या मुलीचं लग्न होतं. ज्याच्यामागे चहा पिणारा कुणी नाही असं लायसन्स त्यांच्या अनुभवात बसेना.

"पुराने वाले में विंडोज़ थी ना? वही निकाल के नए में डाल दो."

व्हेंडरनं समजावलं. 2014 साली पेटी घेतली तेव्हा तिच्यासोबत विंडोज सर्व्हर 2012 आर 2 आली होती. पेटीच्या पाठीवर स्टिकर आहे. त्या जातीचं लायसन्स त्या पेटीशीच बांधलेलं असतं. पेटी गेली की तेही गेलं. लालाजींनी नखानं स्टिकर उकरून पाहिला. व्हेंडर हळूच म्हणाला की स्टिकर चिकटवण्याला लायसन्स म्हणत नाहीत.

मग नव्याचा हिशेब निघाला. पूर्वी प्रोसेसर मोजायचे. 2016 च्या आवृत्तीपासून प्रोसेसरच्या आतले कोर मोजतात: दर प्रोसेसरमागे कमीत कमी आठ, दर सर्व्हरमागे कमीत कमी सोळा. आम्ही निवडलेल्या यंत्रात एक प्रोसेसर आणि आठ कोर.

"ठीक है, आठ का पैसा ले लो."

"सर, सोलह का लगेगा."

"बाकी आठ कहाँ हैं?"

"हैं नहीं, सर."

लालाजींनी माझ्याकडे पाहिलं. आपण हिशेबाचे लोक, आपलं तोंड अशा वेळी कोरं ठेवावं. त्यांनी ते गिळलं, कारण वीजकंपनी न वापरलेल्या विजेचाही स्थिर आकार लावतं हे त्यांना माहीत होतं. पण व्हेंडरची बॅग अजून बंद झाली नव्हती. सर्व्हर चालवण्याचं लायसन्स झालं. आता त्या सर्व्हरपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं. त्याला कॅल म्हणतात. जुन्या सर्व्हरसाठी कॅल घेतले असते तरी नव्या आवृत्तीला ते चालत नाहीत. आम्ही घेतले होते का, हा प्रश्न विचारायचं व्हेंडरनं सभ्यपणे टाळलं.

"मतलब मकान खरीदा, दरवाज़ा खरीदा, अब अंदर आने का टिकट अलग?"

"जी सर. और टिकट दो तरह का है."

एक माणसावर, एक यंत्रावर. माणसाचं घेतलं तर तो माणूस कुठल्याही यंत्रावरून आत येऊ शकतो. यंत्राचं घेतलं तर त्या यंत्रावर कुणीही बसावं. हे ऐकल्यावर मात्र लालाजी सरसावून बसले. इथवर त्यांना लुबाडलं जात होतं. आता त्यांच्यासमोर हिशेब आला होता, आणि हिशेब म्हटलं की तो माणूस पंचवीस वर्षांचा होतो. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर मांडणी केली. स्टोअर आणि डिस्पॅचची बारा माणसं दोन पाळ्यांत सहा यंत्रांवर बसतात, तर तिथे यंत्राचं घ्या, सहा. उरलेल्या दहाजणांकडे डेस्कटॉप, लॅपटॉप आणि फोन, तर तिथे माणसाचं घ्या, दहा. बावीसचे सोळा झाले. व्हेंडर बघतच राहिला. मोठमोठ्या कंपन्यांचे आयटीवाले असं पटकन करत नाहीत, असं तो नंतर मला जिन्यात म्हणाला.

"फिर सोलह," लालाजी पाकिटाकडे बघत पुटपुटले. "ये सोलह पीछा नहीं छोड़ेगा." आणि मग, आवाज उतरवून, "अच्छा, ये कैल सर्वर में डालते कहाँ हैं?"

"डालते नहीं, सर. काग़ज़ होता है."

"सर्वर को पता नहीं चलेगा?"

"नहीं, सर."

खोलीत जी शांतता पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. भिंतीवरचे सगळे परवाने खाली वाकून ऐकत होते. आयुष्यभर दिल्लीत धंदा केलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की यात पकडणारा नाही, दार अडवणारा नाही, आणि तरी पैसे भर.

दुसऱ्या दिवशी धाकट्या सरांनी, म्हणजे लालाजींच्या पुतण्यानं, मला नेहरू प्लेसला पिटाळलं. बघून या म्हणाले, स्वस्तात मिळतंय का. मेट्रोतून उतरून चौकात पाय ठेवला की कानाशी कुजबुज सुरू होते. पूर्वी सीड्यांची थप्पी घेऊन पोरं फिरायची; चोरट्या मालाच्या जगातल्या कुप्रसिद्ध बाजारांची जी यादी अमेरिकेचं व्यापार कार्यालय काढतं, तीत नेहरू प्लेसचं नाव वर्षानुवर्षं झळकायचं. आता पोरांच्या हातात काही नसतं. एकानं मला फोनवर पंचवीस अक्षर-आकड्यांची किल्ली दाखवली आणि ती 'लाइफटाइम' असल्याची ग्वाही दिली. कुणाची लाइफ, हे सांगितलं नाही.

तिथून तुघलकाबादचा किल्ला फार लांब नाही. मुहम्मद तुघलकानं 1330 च्या सुमाराला चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली. नाण्यात धातू कवडीचा, किंमत सुलतानाच्या शब्दाची. म्हणजे ते नाणं नव्हतंच, लायसन्स होतं. लोकांनी घरोघरी तीच नाणी पाडली. शेवटी सुलतानानं ती चांदी देऊन परत घेतली, आणि इतिहासकार बरनी लिहून गेलाय की तुघलकाबादेत तांब्याच्या नाण्यांचे डोंगर साचले. बिचाऱ्यानं सगळ्या बनावट किल्ल्यांचे पैसे खिशातून भरले. आजच्या कंपन्या इतक्या वेड्या नाहीत. त्यांच्या बाजूनं 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63-बी आहे: चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हे मी लालाजींना वाचून दाखवलं. दंडावर ते काही बोलले नाहीत.

"सात दिन? तिहाड़ में?" त्यांनी विचारलं. "मेरी तो शुगर है."

अस्सल घ्यायचं ठरलं.

धाकट्या सरांना अजून एक शस्त्र चालवायचं होतं. ते गुडगावात शिकले असल्यानं त्यांच्याकडे क्लाउड आहे. "सब क्लाउड पे डालो, चाचाजी, महीने का पैसा." यावर लालाजींनी एकच वाक्य उच्चारलं: "मैं किराया लेता हूँ, देता नहीं." लाजपतनगरात त्यांचे तीन फ्लॅट भाड्यानं आहेत, भाडं ही कधीही न संपणारी गोष्ट आहे हे त्यांना दुसऱ्या बाजूनं पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसलो, पण माझं कारण निराळं होतं. 2015 पासून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं 'मध्य भारत' नावाचं जे केंद्र आहे ते पुण्यात आहे. दिल्लीचा कारभार उचलून महाराष्ट्रात न्यायचा प्रयोग तुघलकानंच 1327 साली देवगिरीला करून पाहिलाय, आणि परत आणतानाचे हाल इतिहासात आहेत. शिवाय दिल्लीच्या लालाजींची वही पुण्याच्या ताब्यात, आणि दुपारी दीड वाजता काही अडलं, तर मी कुठल्या तोंडानं फोन करणार होतो?

आता तारीख. व्हेंडरनं आधी सप्टेंबरचा मुहूर्त काढला होता. 8 ते 10 तारखेला जी-ट्वेंटीमुळे दिल्ली बंद. तीन दिवस ऑफिस मोकळं. लालाजी म्हणाले, "दुनिया भर के राष्ट्रपति आ रहे हैं और तू तारोंवाला काला डिब्बा लेके बॉर्डर पे घूमेगा?" व्हेंडरला मुद्दा पटला.

मग मी बाँब टाकला. विंडोज सर्व्हर 2012 चा आधार 10 ऑक्टोबरला संपतो. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील तर वेगळे पैसे. त्याच्या आत उरकायला हवं. लालाजींनी भिंतीवरचं पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि चष्मा काढला.

"श्राद्ध चल रहे हैं."

खरंच. 2023 चा पितृपक्ष 14 ऑक्टोबरच्या अमावास्येपर्यंत होता. श्राद्धपक्षात दिल्लीचा व्यापारी नवा रुमालही घेत नाही, सर्व्हर कुठला? आणि 10 तारीख निघाली इंदिरा एकादशी, पितरांना मुक्ती देणारी. अमेरिकेत बसून कुणी ही तारीख काढली असेल त्याला काय कल्पना! लालाजींना मात्र ती फार आवडली. "देखो, उसकी भी गति हो गई." त्या दिवशी चौकीदाराला त्यांनी पेटीसमोर दोन अगरबत्त्या लावायला सांगितल्या.

"मग दसरा," मी म्हणालो. "24 ऑक्टोबर. आमच्याकडे साडेतीन मुहूर्तांतला एक. वेगळा मुहूर्त बघावा लागत नाही. आणि आमच्यात त्या दिवशी गावाची सीमा ओलांडतात." ओखला ते नोएडा म्हणजे यमुना ओलांडून दुसऱ्या राज्यात. लालाजींना ते एकदम पटलं. मला नंतर झोप आली नाही, कारण ऑक्टोबरात यमुना ओलांडणे या विषयात आपला पूर्वानुभव बरा नाही. 1760 च्या ऑक्टोबरात नदीला पूर म्हणून आपण अलीकडे निवांत राहिलो, आणि अब्दाली बागपतला पाण्यात घोडे घालून पार झाला. बागपत आता एनसीआरमध्येच येतं. पानिपतही.

जाण्याआधी बॅकअप तपासायचा होता. नऊ वर्षं मुनीमजी रोज संध्याकाळी डबा आणि हार्डडिस्क एकाच पिशवीत घालून लालाजींच्या घरी नेत, आणि हार्डडिस्क तिथे लोखंडी कपाटात सोन्याशेजारी झोपे. परत उघडून मात्र कुणी पाहिली नव्हती. व्हेंडरच्या पोरानं ती लावली, एक फाइल उघडली, दुसरी उघडली, आणि मान वर न करता म्हणाला, "सर, ये तो शॉर्टकट हैं." प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तो छोटा वाकडा बाण होता. नऊ वर्षं आम्ही घर सांभाळत नव्हतो, घराच्या पत्त्याची पाटी तिजोरीत ठेवत होतो.

मुनीमजींनी हे शांतपणे ऐकलं. मग त्यांनी टेबलाच्या खालच्या खणातून लाल कापडी वही काढली. दर महिन्याची बाकी, पार्टीवार, हातानं लिहिलेली. टॅली आल्यापासून ते दोन्हीकडे लिहीत होते. "आदत है," एवढंच म्हणाले. टॅली ज्या गोएंका बापलेकांनी 1986 मध्ये बंगळूरला उभी केली, त्यांची सुरुवातही वडिलांच्या धंद्याचा हिशेब लिहायला सोयीचा प्रोग्राम मिळेना यातूनच झाली. पण त्यांनी मुनीमजींचा विचार केला नसावा. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद ठेवायची असा नियम आलाय. मुनीमजींच्या वहीत हा नियम आधीच आहे: चुकलं की आडवी रेघ, बाजूला सही.

खरा बॅकअप दोन रात्रींत घेतला. खंडेनवमीला, 23 तारखेच्या संध्याकाळी, पेटी बंद केली. नऊ वर्षांत तिला कुणी मुद्दाम बंद केलं नव्हतं, त्यामुळे बटण कुठे आहे यावर चर्चा झाली. झाकण काढल्यावर आतून सुगंध आला. पंख्यानं नऊ वर्षं अगरबत्तीची राख आत ओढली होती. दिल्लीच्या धुळीत ती मिसळून एक मऊ राखाडी गादी झाली होती. भक्तीनं पेटी जवळजवळ मारली होती.

दुसऱ्या राज्यात माल नेताना पन्नास हजारांवर किंमत असेल तर ई-वे बिल लागतं. मी वहीतली किंमत काढली. 1 लाख 20 हजारांची पेटी. तीन वर्षं साठ टक्के घसारा, पुढची सहा वर्षं चाळीस. उरले 358 रुपये. ज्याच्यावर बावीस कुटुंबं जेवतात त्याची किंमत, कायद्याप्रमाणे, एका बऱ्यापैकी थाळीएवढी. डिलिव्हरी चलनावर मी तीच लिहिली.

दसऱ्याला सकाळी लालाजींच्या गाडीत मागच्या सीटवर पेटी मधे, एकीकडे मी, एकीकडे मुनीमजी. पेटीला सीटबेल्ट, आम्हाला नाही. कालिंदी कुंजला नदीवर पांढरा फेस तरंगत होता. पूल पार झाला, उत्तर प्रदेशची पाटी गेली, तसं मी खिशातून पानं काढून लालाजींच्या हातात ठेवली. आमच्या भागात आपटा सापडत नाही. आम्ही कचनारची पानं चालवून घेतो.

"ये क्या है?"

"सोनं. आमच्यात आज असं देतात."

त्यांनी पान उलटंपालटं केलं. "ओरिजिनल?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

दुपारभर माहिती एका पेटीतून दुसरीत जात होती. पडदा आधी म्हणाला 47 मिनिटं, मग 3 दिवस, मग 2 मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत आमचे दोन चहा आणि एक भांडण झालं. संध्याकाळी टॅली उघडलं. मुनीमजींनी लाल वही मांडीवर घेतली आणि एकेका पार्टीचं नाव वाचत गेले, मी पडद्यावरून आकडा सांगत गेलो. एकाच ठिकाणी 40 रुपयांचा फरक आला. तपासलं तर चूक पडद्याची निघाली. 2019 ची.

लग्नाचा व्हिडिओही सुखरूप पोचला.

परतताना नोएडा स्टेडियमपाशी गर्दीत अडकलो. रामलीलेचा रावण भिंतीवरून डोकावत होता. दहा डोकी, मिशा, मागून पेटलेला संध्याकाळचा धूर. लालाजींनी काच खाली केली आणि बोट उगारून एकेक डोकं मोजलं.

"दस," ते म्हणाले. "फिर भी पैसा सोलह का."

"पण कॅल एकच, लालाजी. माणूस एकच आहे."

त्यांनी हात मोजायला सुरुवात केली. प्रत्येकात एक शस्त्र होतं. विसाव्यावर ते थांबले, क्षणभर विचार केला.

"यूज़र वाला ही लेता," म्हणाले, आणि काच वर केली.